बंबकाकांचं न्हाणीघर

तक्रार कचेरीत तिला सगळे तडजोडबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण कचेरीच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की पाठीमागे असं काही तिथे उरतच नसे. खुद्द साहेबही एकदा फोनवर ‘आमच्या तडजोडबाईंना पाठवतो’ असं बोलून गेले होते आणि मग उगाचच खोकले होते. तिने मनावर घेतलं नाही. मनावर घेण्यासारख्या त्याहून मोठ्या गोष्टी या नोकरीत पडल्या होत्या आणि त्यासुद्धा घेऊन घेऊन ती दमली होती.

काम असं, की कुणाच्या घराची डागडुजी बिघडली, मालकाचं आणि कंत्राटदाराचं वाजलं, की मालक कचेरीत येऊन तक्रार नोंदवायचा. प्रकरण कोर्टात जाण्याआधी मिटावं म्हणून बाईंना धाडायचे. मिटलं तर साहेबांचं नाव, चिघळलं तर बाईंचं. वर्षानुवर्षं ती ओल आलेल्या भिंती, न लागणारी दारं आणि एकमेकांकडे पाठ करून उभी राहिलेली माणसं बघत आली होती. मालक म्हणायचा, हा चोर आहे. कंत्राटदार म्हणायचा, ह्यांचं जन्मात समाधान व्हायचं नाही. दोघंही थोडं खरं बोलत आणि बरंच लपवत. सुरुवातीला तिला राग यायचा. मग कीव यायला लागली. हल्ली फक्त पाय दुखायचे.

तिची एक पद्धत मात्र होती आणि तिच्यापायी कंत्राटदार मंडळी तिला टरकून असत. कचेरीतल्या टेबलावर ती काहीही ऐकून घेत नसे. भांडण जिथलं असेल तिथे जायचं, आणि ज्याने काम केलं त्यालाच ते वापरायला लावायचं. ओटा वाकडा झालाय? उभे राहा आणि त्यावर भाजी चिरून दाखवा. छत गळतंय? टाका त्याखाली खाट, व्हा आडवे, मी बसलेय इथे. एका बड्या कंत्राटदाराला तिने दोन भरलेल्या बादल्या घेऊन त्याचाच जिना चढायला लावला होता. अर्ध्यावर त्याची विजार भिजली आणि वर पोचायच्या आत त्याने जिना पाडून नवा द्यायचं कबूल केलं. ही गोष्ट पुढे बरीच वर्षं धंद्यात सांगितली जायची आणि दर वेळी बादल्या वाढायच्या.

दुसरा नियम म्हणजे एकाच्या पाठीमागे दुसऱ्याचं ऐकायचं नाही. जे काय असेल ते दोघांसमोर.

घरी तिच्या स्वतःच्या मोरीतला नळ कित्येक महिने ठिबकत होता. त्याखाली वाडगा ठेवलेला असे. नवरा म्हणायचा, “नोंदव की तक्रार. बघू तरी, त्या तडजोडबाई येतात का.” पूर्वी तिला यावर हसू यायचं. आता ती वाडगा रिकामा करून परत ठेवायची आणि झोपायला जायची.

शेवटी एकदा तिने साहेबांना सांगून टाकलं, मला आता बैठं काम द्या, हिंडणं होत नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “देतो की. पण एवढं एक मिटवून टाका. किरकोळ आहे. न्हाणीघर आहे एक. दोन म्हातारी माणसं.”

किरकोळ म्हटलेलं प्रकरणच भिजत घोंगडं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक असावं.

तक्रार त्या घरच्या मालकीणबाईंनी केली होती. लोक तक्रारीत पानंच्या पानं लिहितात, कंत्राटदाराच्या बापजाद्यांपर्यंत जातात. हिच्यात दोनच वाक्यं होती. काम वाईट झाले आहे. सगळे उखडून पुन्हा करून द्यावे. काय वाईट झालं, कसं झालं, एक अक्षर नाही.

घर गल्लीच्या टोकाला होतं, तळमजल्यावर. दारात कंत्राटदार आधीच येऊन उभा होता. सुटलेलं पोट, हातात चाव्यांचा जुडगा, खिशात सतत वाजणारा फोन. बाईंना बघताच त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. “मी ह्याच गल्लीत वाढलो, बाई. काकूंच्या हातचं खाल्लंय. काकांनी मला लहानपणी बंबावर बसवून घंटा वाजवू दिलीय. आणि माझ्यावर तक्रार? मला फोन केला असता तर धावत आलो नसतो?”

“तीनदा केला,” आतून आवाज आला. “तीनदा म्हणालास, निघालोच.”

कंत्राटदाराने फोनकडे असं पाहिलं, जणू काही चूक त्या फोनची होती.

आवाज काकूंचा होता. काकू म्हणजे जेमतेम बाईंच्या खांद्याएवढी, चणीने बारीक बाई. उजवा हात सारखा कमरेवर. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान भिंतीशी उभे होते. सबंध गल्ली त्यांना बंबकाका म्हणायची. उभा जन्म त्यांनी आगीच्या बंबावर काढला होता. धिप्पाड देह, बारीक कापलेले पांढरे केस, दोन्ही हात पाठीमागे. बाई आत आल्या तरी ते जागचे हलले नाहीत, पण मान मोठ्या अदबीने लवली. “या. बसा. तुम्हाला उगीच त्रास दिला आमच्या हिने.”

“तुम्ही पण बसा ना.”

“मी ठीक आहे,” काका म्हणाले.

न्हाणीघर दिसायला झकास होतं, हे कुणीही मान्य केलं असतं. पांढऱ्याशुभ्र चकचकीत फरश्या, खाली-वर सगळीकडे. दारात चांगला वीतभर उंच उंबरा. नळ ऐटीत वर बसवलेला, उभ्या माणसाच्या छातीशी येईल असा. बाईंनी पर्समधून काचेची गोटी काढली आणि मधोमध ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली आणि मग जाळीकडे जायच्याऐवजी सरळ दाराकडे घरंगळत आली. बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणीही गोटीच्या मागोमाग आलं आणि उंबऱ्याशी तळं करून बसलं.

आता नेहमीचा तमाशा होणार, म्हणून बाईंनी मनाची तयारी केली. कंत्राटदार म्हणेल, जमीनच खचलीय. म्हणेल, पाणी हळूहळू जाईल. एकाने तर ‘पाण्याला सवय व्हायला वेळ लागतो’ असंही सांगितलं होतं. पण हा गडी खाली मान घालून म्हणाला, “उतार उलटा गेलाय. नाही म्हणत नाही. मी दुसऱ्या साइटवर अडकलो आणि फरशीवाल्याने परस्पर उरकलं. मी बघायला हवं होतं.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या सरळ कबुलीची त्यांना सवय नव्हती. म्हणजे संपलंच की. उतार नीट करून द्यायचा, दोघांच्या सह्या, आणि लवकरची बस मिळाली तर घरी जाऊन पाय वर करून पडायचं. त्यांना अगदी मनापासून बरं वाटलं.

“उतार नाही,” काकू म्हणाल्या. “सगळं उखडायचं. फरशी पण, उंबरा पण, नळ पण.”

“का म्हणून?” कंत्राटदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काकू, ही फरशी दुकानातली सगळ्यात भारी आहे. काकांसाठी म्हणून मी स्वतः निवडली. उंबरा मुद्दाम उंच घेतला, पाणी घरात येऊ नये म्हणून. नळ उंच घेतला, काकांना वाकायला लागू नये म्हणून. ह्यात वाईट काय आहे? सांगा ना. एक कारण सांगा.”

काकूंनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

“तिला काही कळत नाही,” भिंतीपासून काका म्हणाले. “उतार तेवढा बघ आणि मोकळा हो. बाकी काम उत्तम आहे.”

झालं. मालक-कंत्राटदार भांडण बाईंनी हजार वेळा मिटवलं असेल. पण इथे मालकीणबाई एक म्हणत होत्या, मालक दुसरंच, आणि कारण विचारलं की दोघंही गुळणी धरून बसत होते. बाईंचं डोकं उठलं. ‘चहा टाकते’ म्हणत काकू आत गेल्या, तशा बाईही कप घ्यायच्या निमित्ताने मागोमाग गेल्या. खरं तर त्यांना दोन मिनिटं त्या दोन पुरुषांपासून लांब व्हायचं होतं.

जाताना त्यांची नजर बोळाच्या भिंतीवर गेली. न्हाणीघराबरोबर बोळालाही नवा रंग दिला होता. त्या नव्या रंगावर कमरेच्या उंचीला एक लांबलचक मळकट पट्टा उमटला होता, बाहेरच्या खोलीपासून थेट न्हाणीघरापर्यंत. बाईंनी आयुष्यभर भिंतींवरचे डाग पाहिले होते. ओल अशी आडवी, हाताच्या उंचीने, दारापर्यंत चालत जात नाही.

“बाई,” काकू शेगडीकडे तोंड करून म्हणाल्या, “एक सांगू का? पण त्यांनी मला शपथ घातलीय.”

“मग नका सांगू. सांगायचं तर सगळ्यांसमोर. माझा नियम आहे तसा.”

“सगळ्यांसमोर सांगता आलं असतं तर तक्रार कशाला केली असती?”

 नियम मोडतोय असं म्हणायलाही बाईंना वेळ मिळाला नाही, कारण काकू बोलायलाच लागल्या होत्या. हळू आवाजात, चहा ढवळत, साखर घातली की नाही ते विसरून पुन्हा घालत. काकांच्या पायांतला जोर गेला होता. एकदम नाही, हळूहळू. म्हणून तर न्हाणीघर नवं करायचं ठरलं, की त्यांचं त्यांना जमावं. पण कंत्राटदाराला हे सांगायचं नाही, ही काकांची अट. गल्लीत कळता कामा नये. न्हाणीघर तयार झालं आणि काका त्यात दोनदा घसरले. तेव्हापासून काकूच त्यांना आंघोळ घालत होत्या.

“मी आत गेले की ते डोळे मिटून घेतात, बाई. घट्ट. पाणी घालायला लागल्यापासून कपडे चढवेपर्यंत उघडत नाहीत. मग दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. रागावलेले नसतात हो. पण बोलवतच नाही त्यांना. आता आता तर रोज म्हणतात, आज नको, उद्या घालू.” काकूंनी कमरेवरचा हात काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “माझी कंबर गेली त्याचं काही नाही. पण माझा नवरा मला परत द्या.”

बाईंना खूप थकल्यासारखं झालं. त्या चहाचे कप उचलून बाहेर आल्या. सांगून टाकावं का? सांगितलं तर काका काकूंना जन्मभर माफ करणार नाहीत. नाही सांगितलं तर कंत्राटदार उतार नीट करून निघून जाईल आणि त्या चकचकीत फरशीवर काका तिसऱ्यांदा घसरतील. काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी आपली जुनी युक्ती काढली.

“काढा चपला,” त्या कंत्राटदाराला म्हणाल्या. “आत जा आणि आंघोळ करणारा माणूस करतो ते सगळं करून दाखवा.”

कंत्राटदाराने त्या बादल्यांची गोष्ट ऐकली असणार. मुकाट्याने त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. फरशी ओली होतीच. उंबऱ्यावर पाय ठेवून, हसत हसत, “हे बघा, काका, काही...” एवढंच तो म्हणाला आणि त्याचा पुढचा पाय सुटला.

केव्हा तरी भिंतीच्या आधाराने बोळात, न्हाणीघराच्या दाराजवळ येऊन उभे राहिलेले बंबकाका त्याच क्षणी पुढे झेपावले. विचार करून नव्हे. पडणाऱ्या माणसाला धरायचं, हे त्यांच्या हातांत इतकं मुरलं होतं की पायांना विचारायला त्यांना वेळच झाला नाही. हात बरोबर पोचले. त्यांनी कंत्राटदाराला बखोटीला धरलं आणि त्याचं डोकं उंबऱ्याच्या कडेवर आपटायचं वाचवलं. पाय मात्र जागेवरच राहिले. एवढा मोठा देह गुडघ्यांतून मोडला आणि बोळात खाली बसला.

काकूंच्या हातातली बशी फुटली.  ही आपली युक्ती, आपलं शहाणपण, आणि दुसऱ्याची हाडं. त्या क्षणी त्यांना स्वतःची एवढी चीड आली की त्या बशीचे तुकडे तुडवत तशाच पुढे झाल्या.

“लागलं नाही,” काका म्हणाले. “कुणी ओढू नका.”

कंत्राटदार ओलाचिंब, रांगत आला आणि त्याने काकांच्या कमरेला मिठी मारून उचलायला सुरुवात केली. काका हलले नाहीत. कंत्राटदाराने पुन्हा जोर लावला. मग थांबून तो त्यांच्या पायांकडे बघत राहिला. त्या पायांनी उठायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

“काका?”

 कंत्राटदाराच्या पायाने कलंडलेल्या भरल्या बादलीचं पाणी उंबऱ्यावरून उसळून बोळात हळूहळू पसरत होतं. उलट्या उतारावरून, बिनचूक, त्या सगळ्यांच्या दिशेने.

“कंबर धरून उचलायचं नसतं,” काका शेवटी म्हणाले.  “दोघांची हाडं मोडतात. मागून ये. काखेतून हात घाल. माझंच मनगट माझ्या छातीशी धर. हां. आता तुझ्या पाठीने नाही, मांड्यांनी ऊठ. मी शेकडो माणसं उचललीत रे अशी.” कंत्राटदार सांगितल्याप्रमाणे हात घालत होता, पण डोळ्यांतल्या पाण्याने त्याला दिसत नव्हतं. तो उचलणार, एवढ्यात काकांनी त्याच्या हातावर थोपटलं. “थांब. आता बसलोच आहे तर बोलून घेऊ. उभं राहून बोलायला मला फार जड जातं.”

आणि मग ते जमिनीवर बसल्या बसल्या बोलले. फार नाही बोलले. “मला माझी आंघोळ माझी मला करायचीय. दार लावून. बाकी मला काही नको. ही म्हणते ते बरोबर आहे. सगळं उखड.”

“पण तुम्ही मला सांगितलं का नाही?” कंत्राटदार जवळजवळ ओरडलाच. “मी मापं घ्यायला आलो, तासभर तुम्ही माझ्यासमोर ताठ उभे! मी खुर्ची पुढे केली तर म्हणालात, मला काय म्हातारा समजतोस? मी ताठ माणसाचं बाथरूम बांधलं, काका!”

“भिंत होती पाठीला,” काका म्हणाले.

काकू मटकन नवऱ्याशेजारी खाली बसल्या. “मी नाही सांगितलं हो. म्हणजे सांगितलं, पण बाईंना. गल्लीत नाही.”

“माहीत आहे. चहा एवढा वेळ उकळत नाही.” काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “साखर पण दोनदा घातली असशील.”

आता उभं राहण्यात काही राम नव्हता, म्हणून बाईही बसल्या. पाठ टेकून, ओल्या बोळात, पाय लांब करून. कंत्राटदाराने खिशातून टेप काढली आणि बसलेल्या काकांची मापं घ्यायला लागला. हात वर कुठपर्यंत जातो. बाजूला कुठपर्यंत. बसल्या जागेवरून उठताना कुठे धरावंसं वाटतं. काका आधी अवघडले, पण लवकरच सूचना द्यायला लागले आणि त्यानंतर त्यांना थांबवणं कठीण झालं. पैशावरून भांडण झालं खरं, पण उलटं झालं. कंत्राटदार म्हणे, सगळं माझ्याकडून. काका म्हणत, फुकट नको, उतार तुझा, बाकीचं माझं. दोघं हट्टाला पेटले तेव्हा बाईंनी डोळे न उघडताच सांगितलं, काका म्हणतायत तसंच होईल.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं. पण कंत्राटदार शेवटी कंत्राटदारच. फोडाफोड केली आणि दुसऱ्या साइटवर गायब झाला. काकूंचे फोन, बाईंचे फोन, ‘निघालोच’, ‘पोचलोच’. न्हाणीघराच्या जागी नुसता राडा. तेवढे दिवस काका खुर्चीत बसून काकूंकडून ओल्या फडक्याने अंग पुसून घेत होते. तेही डोळे मिटूनच. बाई एकदा जाऊन त्याच्या दुसऱ्या साइटवर दिवसभर खुर्ची टाकून बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. संध्याकाळपर्यंत त्याच्या नाकी नऊ आले आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः, फरशीवाल्याच्या डोक्यावर उभा राहून, काम करून घ्यायला लागला.

दरम्यान साहेबांनी बैठं काम मंजूर केलं. बाईंना वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही. एवढंच मनात आलं, की बरं झालं, आता त्या बसमध्ये लोंबकळायला नको.

काम झाल्याचा निरोप आला तेव्हा त्या शेवटचं म्हणून त्या गल्लीत गेल्या. उंबरा गेला होता. फरशी खरखरीत होती, राखाडी रंगाची आणि अगदी सामान्य. नळ खाली आला होता. भिंतीत पक्कं बाकडं, त्याच्या दोन्ही अंगांना आधाराचे दांडे. पाणी ओतलं तर मुकाट जाळीत गेलं. दाराच्या कडीवरून मात्र जुंपली होती, असं काकूंनी सांगितलं. कंत्राटदार म्हणत होता, कडी नको, काही झालं तर आत कसं जाणार? काका म्हणत होते, कडी नसेल तर दार कशाला? शेवटी बाहेरून नाण्याने उघडते अशी कडी त्याने शोधून आणली. बाहेरून उघडते हे काकूंना माहीत होतं, काकांनाही माहीत होतं, आणि दोघंही माहीत नसल्यासारखं वागत होते.

आधी कंत्राटदार आत गेला. कपड्यांसकट बाकड्यावर बसला, नळ सोडला, दांडा धरून उठला, पुन्हा बसला. काका हसले. बाईंनी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. मग ते भिंत धरत धरत निघाले. काकू सवयीने मागोमाग निघाल्या.

“तू कुठे?” काका म्हणाले.

काकू थबकल्या. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेरच्या खोलीत तिघं बसली. बाईंच्या हातात सहीचा कागद होता, पण ‘सही करा’ म्हणायला तोंड उघडेना. काकूंना हातांचं काय करावं कळत नव्हतं. त्या मांडीवर ठेवत, उचलत, एकमेकांत गुंतवत. आतून पाण्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला. कंत्राटदार जमिनीकडे बघत होता. फार वेळ लागला. उगीच एवढा वेळ लागतोय, असं बाईंना वाटायला लागलं. मग पाणी अजिबात बंद झालं आणि आत काहीच ऐकू येईना.

काकू उठल्या. कंत्राटदारही उठला, खिशात नाणं चाचपत. बाईंनी काकूंचा हात धरला. “थांबा. जरा थांबा.”

आणि आतून आवाज आला. चांगला खणखणीत, गल्लीपर्यंत जाईल असा, कुरकुरत. “अगं ए! टॉवेल!”

काकू होत्या तिथेच खाली बसल्या. “लग्न झाल्यापासून,” त्या म्हणाल्या. डोळे पुसले, पुन्हा भरले. “लग्न झाल्यापासून ह्या माणसाने एकदा टॉवेल बरोबर नेला असेल तर शपथ. मी चिडचिड करायची. रोज. आणि आता कितीतरी महिन्यांत हाकच नाही, बाई. टॉवेल माझ्याच खांद्यावर असायचा ना.”

कंत्राटदाराने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि दाराकडे निघाला. काकूंनी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

“बस. अजून एकदा ओरडू दे त्यांना.”